शेकपिशव्या: शंभरात शहाण्णव

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे खरंच लिहितो आहे, कंबर सध्या बरी आहे.) भाऊजींची साखर आणि तुझा गुडघा आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. इकडे मी उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं, भांडी रोजच्या रोज घासतो, निदान पुढच्या जेवणाला लागतील तेवढी तरी घासतो, आणि घरात इतकी शांतता आहे की फ्रिज केव्हा सुरू होतो आणि केव्हा बंद पडतो हे मला आता तोंडपाठ झालं आहे. तेव्हा माझी काळजी नसावी.

फोन करत नाही म्हणून राग मानू नकोस. तीन वेळा केला होता. तिन्ही वेळा तूच उचललास आणि ती झोपली आहे म्हणून सांगितलंस. एकदा सकाळी अकरा वाजता, एकदा दुपारी चारला आणि एकदा संध्याकाळी सातला. चौतीस वर्षांच्या संसारात तुझ्या भावजयीला मी दिवसा झोपलेलं पाहिलेलं नाही, आणि तुझ्या मागून शिलाई मशीनचा आवाज येत होता. झोपेत कोणी टिपा मारत नाही. पण तुला खोटं पाडायचा माझा हेतू नाही. लोकांच्या बायका रागावल्या की माहेरी जातात. माझी माझ्याच सख्ख्या बहिणीकडे आली, म्हणजे माझी बाजू घेईल असं जगात जे एकुलतं एक घर होतं तेही तिने आधीच ताब्यात घेतलं. तिची ही चाल पाहून, खरं सांगतो, मला कौतुकच वाटलं. आज एकोणीस दिवस झाले. ती परत यावी म्हणून मी लिहायला बसलो आहे असं तुला वाटेल, तर तसं काही नाही. घडलं ते जसंच्या तसं तुझ्यापुढे ठेवावं एवढाच उद्देश आहे.

तिने तुला कुठून सांगितलं असेल ते ठाऊक नाही, म्हणून मी मुळापासून सांगतो. तीस वर्षं ती घरी आल्टरेशनची कामं करते. कोणाची पँट आखूड करायची, कोणाचा कोट सैल करायचा, कोणाची चेन बदलायची. तीस वर्षं मशीनवर वाकून शेवटी तिची मान धरली आणि ती आमच्या रस्त्याच्या टोकाला जे उपचार केंद्र आहे तिथल्या फिजिओबाईंकडे जाऊ लागली. त्यांनी शेक घ्यायला सांगितलं. रबरी पिशवी गळायची आणि विजेच्या पट्ट्याची हिला भीती. मग एका दुपारी हिने जुन्या सुती चादरीची एक लांबट पिशवी शिवली, आत कोरडे तांदूळ भरले, दाणे एका टोकाला गोळा होऊ नयेत म्हणून आडव्या चार टिपा मारून पाच कप्पे केले, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं गरम केली आणि मानेवर ठेवली. ऊब चांगली वीस मिनिटं टिकते. मीही कंबरेला लावून पाहिली. (मी काही बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, तेव्हा तिला समजलंच.) ती पिशवी फिजिओबाईंनी पाहिली, उलटसुलट केली, समोरच्या पेशंटच्या खांद्यावर ठेवली, ती तिथेच ठेवून घेतली आणि आणखी तीस पिशव्यांची ऑर्डर दिली. केंद्राची नवी खोली सुरू व्हायची होती, तिच्यासाठी.

ताई, इतकी वर्षं ती दुसऱ्यांनी शिवलेलं कमी-जास्त करत आली. तिच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली आणि लोकांनी आपण होऊन मागितलेली ही पहिली वस्तू. ऑर्डर घेऊन घरी आली तेव्हा चप्पल न काढता खुर्चीवर बसली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि पाहून मी काय केलं, तर पिशव्या भरण्याचं खातं माझ्याकडे घेतलं.

आता तूच सांग, ज्या माणसाने एकतीस वर्षं बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली त्याच्या घरात तीस पिशव्या दाणे भरायचे आणि त्याने कोपऱ्यात पेपर वाचत बसायचं, हे शोभतं का? बाजारातून तिने तांदळाची कणी आणून ठेवली होती. मी मूठभर ताटलीत पसरून पाहिली. सगळा तुटका माल, एकाही दाण्यात जीव नाही. आपल्या घरातून असला माल बाहेर जाणार नाही, असं मी जाहीर केलं. जुन्या प्रयोगशाळेत गेलो (तिथे मला अजून खुर्ची देतात) आणि ओळखीवर गव्हाचं अव्वल बियाणं मिळवलं. औषध लावलेलं नव्हे. ते विषारी असतं, एवढी अक्कल मला आहे. दाणा काय वर्णावा, टपोरा, एकसारखा, एका आईची लेकरं असावीत तसा. शंभर रुजत घातले तर शहाण्णव उगवतात असा त्याचा लौकिक. पोतं खांद्यावर घेऊन मी दोन जिने चढलो. पोत्याकडे पाहून तुझी भावजय एवढंच म्हणाली, "गरम करायचंय ना? पेरायचं तर नाही." मी हसलो. जाणकार माणूस अडाणी प्रश्नाला हसतो तसा हसलो. ते हसू आता आठवलं की अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

पण काम आम्ही झकास केलं, हे मी तिच्या तोंडावरही म्हणेन. ती मशीनवर, मी तराजूवर. प्रत्येक पिशवीत बरोबर सातशे ग्रॅम. प्रत्येकीवर क्रमांक, तारीख आणि वजन. (मला आत चिठ्ठी घालायची होती, आमच्याकडे तशी पद्धत आहे, कागद आत जळेल असं ती म्हणाली, म्हणून मार्करने कोपऱ्यात लिहिलं.) फिजिओबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की ओलसर शेक जास्त आतपर्यंत पोचतो. तुझ्या भावजयीचं म्हणणं, गरम करायच्या आधी पाण्याचा एक हबका मारला की झालं. हबका हे माप मला मान्य नाही. मी प्रत्येक पिशवीला मोजून दोन वाट्या पाणी पाजलं, दाण्यात मुरू दिलं, कापड वरून वाळवलं, आणि ओल उडून जाऊ नये म्हणून प्रत्येक पिशवी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तोंडाला लाखेचं सील मारलं. पाकिटांना टाचणीने बारीक भोकंही पाडली. ती कशासाठी, हे त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. बियाण्याला श्वास घेता यावा म्हणून एकतीस वर्षं हा हात भोकं पाडत आला, तो पाडत गेला.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या भावजयीला प्रत्येक पिशवी देण्याआधी एकदा तापवून बघायची होती, कुठे शिवण सुटते का, कुठे करपल्याचा वास येतो का म्हणून. ती गिऱ्हाइकाला अंगात घालून दाखवायला लावल्याशिवाय कपडा देत नाही, तो तिचा स्वभावच आहे. मी तिला समजावलं की माल असा तपासत नसतात. लॉटमधून नमुने काढायचे, नमुने तपासायचे, लॉट पास करायचा. एकूण एक दाणा तपासायला मी बसलो असतो तर शेतकरी आजही माझ्या दारात रांग लावून उभे असते. मी डोळे मिटून तीन पिशव्या उचलल्या: चार, सतरा आणि सव्वीस. तिन्ही तीन-तीनदा तापवल्या. (चार नंबरला पहिल्याच खेपेला चुकून पाच मिनिटं दिली गेली. भाजक्या गव्हाचा वास जिन्यात गेला आणि खालच्या मजल्यावरच्या बाई आज काय बेत आहे म्हणून विचारायला आल्या. त्यांना मी पिशवी मानेवर लावून दिली, त्या खूश होऊन गेल्या.) तिन्ही उत्तम निघाल्या. मी वहीत 'लॉट पास' असं लिहून खाली सही केली, आणि ताई, निवृत्त झाल्यापासून कुठल्याही गोष्टीने मला त्या सहीइतकं बरं वाटलेलं नाही. राहिलेल्या सत्तावीस न तापवता, न उघडता गेल्या.

केंद्रात नव्या खोलीचा रंग वाळायचा होता, म्हणून पिशव्या आठ दिवस आतल्या कपाटात ठेवल्या. कपाटाच्या मागच्या भिंतीला गरम पाण्याचा मोठा बॉयलर आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. उबदार, दमट, अंधारी जागा. अशी जागा तयार करायला प्रयोगशाळेत आम्हाला खास यंत्र लागायचं.

खोली सुरू झाली त्या दिवशी केंद्राचे मोठे डॉक्टर आले होते. पेशंट बाकांवर ओळीने बसले होते. तुझी भावजय ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि तिने केस दोनदा विंचरले होते. फिजिओबाईंनी सगळ्यांना सांगितलं की पिशव्या या बाईंनी शिवल्या आहेत, तेव्हा कपाट त्यांनीच उघडावं. तिने उघडलं. पहिल्यांदा वास आला, पाणी दिलेल्या शेताचा. मग दिसलं. सत्तावीस पिशव्यांना कोंब फुटले होते. टाचणीच्या भोकांतून, सिलाच्या कडेने, जिथे वाट मिळेल तिथून बाहेर आले होते, अंधारात वाढल्यामुळे पिवळट, पण काय जोमदार. मान आखडलेल्या एका आजींना वळून बघता येत नव्हतं, त्या काय झालं, काय झालं म्हणून शेजारणीला विचारत राहिल्या.

इथे मी जे केलं ते तिने तुला सांगितलं असणारच, तरी माझ्या तोंडून ऐक. मी एक पिशवी उचलली, बाकावर बसलो, पेनच्या टोपणाने एक कप्पा उसवला, पांढऱ्या टॉवेलवर शंभर दाणे मांडले आणि मोजले. शहाण्णव. बरोबर शहाण्णव, ताई, एक कमी नाही की एक जास्त नाही. मी ते मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. वर हेही दाखवलं की तपासलेल्या तिन्ही पिशव्यांमध्ये एकही कोंब नाही, म्हणजे तपासणीत खोट काढायला जागा नाही. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं प्रभावित झाले. तेवढ्यात मागे कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला. ते तुझ्या भावजयीने लावलं होतं, हळू, आवाज होऊ नये अशा बेताने.

घरी आल्यावर दारात किल्ली लावताना ती म्हणाली, "दाणे उगवले त्याचं मला काही नाही. तिथे माझ्या शेजारी मान खाली घालून उभं राहायचं होतं. तुम्ही मोजत बसलात." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीन चादरीत गुंडाळलं, टॅक्सी बोलावली आणि तुझ्याकडे आली. मायक्रोवेव्ह मला ठेवला. मशीन तिच्याकडे आणि मायक्रोवेव्ह माझ्याकडे, अशी आमच्या संसाराची वाटणी झाली.

आता माझं ऐक. मी हातावर हात धरून बसलो नाही. तीसही पिशव्या केंद्रातून परत आणल्या आणि ठरवलं की सगळ्या नव्याने करून द्यायच्या, हाताने, तिच्या पद्धतीने, तिच्याच कणीने. सुई-दोरा मी आयुष्यभर हाताळला आहे, नमुन्यांच्या पिशव्यांची तोंडं शिवायचो. पण ती दाभणाने आणि सुतळीने. चादर ही वेगळी जात आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पहिली पिशवी माझ्याच शर्टाच्या बाहीला शिवली गेली. दुसरीला शिवणीसाठी कापड सोडायचं राहिलं आणि ती एका हातमोज्याएवढी झाली. (जे कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.) चादर संपली म्हणून तिसरी मी माझ्या जुन्या ऑफिसच्या पँटची केली. तिच्यात सुतापेक्षा प्लॅस्टिक जास्त निघालं. मायक्रोवेव्हमध्ये ती आक्रसली आणि काचेच्या तबकडीला जी चिकटली तिचा एक तुकडा अजून तिथेच आहे. माझ्या बोटांची काय चाळण झाली ते लिहीत नाही, तू हळवी आहेस.

मग कापड पुरवायला मी तिने शिवलेल्या जुन्या पिशव्या उसवायला घेतल्या, आणि तिथे मला थांबावं लागलं. आठ दिवस आत गहू फुगला होता. ओला गहू फुगायला लागला की गोणीची शिवण तोडतो, हे मी गोदामांत पाहिलेलं आहे. इथे मुळं कापडाच्या विणीतून बाहेर आली होती, पण शिवण जागची हललेली नव्हती. मी एकेक पिशवी उजेडात धरून पाहिली. प्रत्येक टिपेच्या दोन्ही टोकांना तिने मागे येऊन तीन टाके जास्त घातले होते, जिथे कोणी बघणार नाही अशा ठिकाणीसुद्धा. तीस पिशव्यांच्या सगळ्या टिपा पाहिल्या. नमुने काढले नाहीत, सगळ्या पाहिल्या. बी उगवलं, पण पेनच्या टोपणाने मी उसवलेली सोडली तर तिची शिवण एकही उसवली नव्हती. एकतीस वर्षांत कुठल्याच मालाला मी शंभरात शंभर दिले नाहीत, असं काही नसतंच असं मी नव्या लोकांना शिकवायचो. त्या दिवशी वहीत तिच्या नावापुढे लिहिले. मला तिचा इतका अभिमान वाटला की कोणाला तरी सांगायला मी उठलो, आणि घरात कोणी नाही हे पाहून परत बसलो.

तिच्या पिशव्या उसवल्या नाहीत, माझी पांघरायची चादर कापली, आणि एवढ्या दिवसांत अकरा पिशव्या झाल्या. प्रत्येक मी स्वतः दोन-दोन मिनिटं तापवून पाहिली. त्या घेऊन परवा केंद्रात गेलो आणि फिजिओबाईंसमोर मान खाली घालून उभा राहिलो. मला या गोष्टीची सवय नाही, त्यामुळे बहुतेक जास्तच खाली घातली गेली. त्या म्हणाल्या, "मान धरलीय का हो?" मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी मला बाकावर बसवलं, बोटांनी मान दाबून पाहिली आणि मानेवर एक गरम पिशवी आणून ठेवली. चादरीचं कापड ओळखीचं होतं. ती हिची सगळ्यात पहिली तांदळाची पिशवी होती. दिवसभर तीच एकीच्या मानेवरून दुसऱ्याच्या खांद्यावर फिरते, म्हणाल्या, पेशंट नाव सांगून मागतात, त्या बाईंची पिशवी द्या म्हणून. मी वीस मिनिटं तसाच बसलो. माफी मागायला आलो होतो हे सांगायचं राहून गेलं. नंतर त्यांनी माझी एक पिशवी हातात घेऊन दाबली, तर कणी त्यांच्या टेबलावर सांडली. त्यांनी ती गोळा केली आणि बाई केव्हा येणार एवढंच विचारलं. तीस पिशव्या त्यांना अजून हव्या आहेत, बाईंच्या हातच्याच. मी म्हटलं, विचारून सांगतो.

तर अशी सगळी हकीकत आहे. माझी काही मागणी नाही. फक्त तिच्या शिवणाच्या डब्यात बोटात घालायचं एक पत्र्याचं टोपण आहे, ते तेवढं पाठवून दे, म्हणजे उरलेल्या एकोणीस पिशव्यांना माझी बोटं पुरतील. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा
धाकटा

ता. क. टोपण टपालाने पाठवू नकोस, लहान वस्तू आहे, हरवेल. तिकडून कोणी खात्रीचं माणूस इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर दे. शिलाई मशीन सोबत घेऊन येऊ शकेल असं कोणी असेल तर फारच उत्तम.

ता. क. आणखी एक. सुरुवातीला 'इकडे मी उत्तम आहे' असं लिहिलं, ते खरं नाही. तू विचारशील म्हणून लिहिलं होतं.

ता. क. शेवटचं. हे पत्र तू तिला मोठ्याने वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. इथपर्यंत खुशाल वाच. पुढची ओळ मात्र वाचू नकोस, नाहीतर ती म्हणेल की हे ताईंनी पदरचं घातलं. कागद तिच्या हातात दे. अक्षर माझं आहे, ती ओळखेल.

माझी चूक झाली. मोजायला नको होतं, तुझ्या शेजारी उभं राहायला हवं होतं.